सोन्याचा पाळणा

या पुस्तकाचं हस्तलिखित माझ्या हाती आलं तेव्हा चाळिसाव्या पानाच्या समासात अंगठ्याएवढा हिरवा डाग होता. लेखिका माझी जुनी विद्यार्थिनी. तिनं आधीच फोन करून सांगितलं होतं, "सर, ते पान प्रयोगशाळेत बसून लिहिलंय, बदलून देते." म्हटलं, राहू दे. दुपारी वेळ होता, म्हणून कापसाच्या बोळ्यानं त्या डागावर धुण्याच्या सोड्याचं पाणी लावलं. डाग निळा झाला. स्वयंपाकघरातून लिंबाची फोड आणून पिळली, तर थोड्या वेळानं पुन्हा हिरवा. असं तीनदा केलं. चौथ्यांदा कागदच विरला, पण तोवर माझी खात्री पटली होती: डाग पॉलिॲनिलिनचा होता आणि पॉलिॲनिलिन चांगलं जमलेलं होतं.

हिरव्या रूपात हा पदार्थ वीज वाहून नेतो, निळ्या रूपात जवळजवळ नाही. प्लास्टिकच्या कुळातला पदार्थ, तरी विजेला वाट देतो, आणि ती वाट लिंबानं उघडते, सोड्यानं बंद होते. हिरव्या रूपाला पाचूवरून एमराल्डिन हे नाव पडलं. सरकारी परिभाषेत पॉलिमरला 'बहुवारिक' म्हणतात आणि नॅनोकणांना 'अब्जांश कण'. लेखिकेनं हे शब्द एकदा सांगून बाजूला ठेवले आणि पुढे पॉलिमर, नॅनोकण असंच लिहिलं, हे मला बरं वाटलं. वर्गात पोरं जे बोलतात तेच पुस्तकात असावं.

ॲनिलिन हा शब्द परका वाटतो खरा, पण तो आपल्याच अंगणातून बाहेर गेलेला आहे. संस्कृतातली नीली, अरबांच्या तोंडी अन्-नील, पोर्तुगीजांकडे अनिल आणि तिथून जर्मन रसायनशाळेत. १८२६ मध्ये ओटो उनफरडॉर्बेन यांनी निळीचं ऊर्ध्वपातन करून एक तेलकट द्रव मिळवला. १८४० मध्ये कार्ल युलियुस फ्रित्शे यांनी दाहक पोटॅश वापरून निळीतूनच तो पुन्हा काढला आणि त्याला ॲनिलिन म्हटलं. पुढे तो कोळशाच्या डांबरातून निघू लागला, १८५६ मध्ये विल्यम पर्किन यांना त्यातून जांभळा रंग सापडला, कृत्रिम रंगांचे कारखाने उभे राहिले आणि अखेर त्यांनीच निळीची शेती बुडवली. निळीच्या पोटी जन्मलेल्या द्रवानं निळीचाच धंदा मोडला! १८६२ मध्ये लंडनच्या हेन्री लेथबी यांनी ॲनिलिनच्या आम्लयुक्त द्रावणातून वीज सोडली, तेव्हा प्लॅटिनमवर गडद निळसर थर बसला. हा थर पुढे शंभर वर्षांनी कशासाठी नावाजला जाईल, हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. कापड काळं करायला 'ॲनिलिन ब्लॅक' म्हणून त्याच जातीचा माल खपत राहिला.

वीज वाहणाऱ्या पॉलिमरांची रीतसर सुरुवात १९७७ ची मानतात. जपानचे हिदेकी शिराकावा, अमेरिकेतले ॲलन मॅकडायर्मिड आणि ॲलन हीगर यांनी पॉलिॲसिटिलिनच्या चंदेरी पापुद्र्याला आयोडीनची वाफ दिली आणि त्याची वाहकता लाखो पटींनी वाढली. तो चंदेरी पापुद्राही आधी चुकून मिळाला होता, एका पाहुण्या संशोधकानं उत्प्रेरक हजारपट जास्त घातला म्हणून. तिघांना २००० सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते, लेखिकेनंही दीड पानात आटोपली आहे. पॉलिॲसिटिलिन हवेत टिकत नाही. पॉलिॲनिलिन टिकतं, स्वस्त पडतं आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या प्रयोगशाळेतही करता येतं, म्हणून पुस्तक त्याचं आहे.

आता या पॉलिमरचा पुस्तकातला जोडीदार, धातू. जालनेकराला धातूबद्दल मी काय सांगणार? रात्री एमआयडीसीच्या रस्त्यानं गेलं की भट्ट्यांचा उजेड दिसतो. आत इंडक्शन भट्टीत भंगार वितळत असतं, सोळाशे अंशांच्या घरात. जुने पत्रे, गाड्यांचे सांगाडे, मोडकी यंत्रं सगळी एका रसात येतात, रसाचं बिलेट होतं, बिलेट रोलिंग मिलच्या रुळांतून निघून सळई होते आणि ट्रकवर चढते. धातू म्हटलं की आग, घाम आणि टनांचा हिशोब, हेच आमच्या गावाचं चित्र.

या पुस्तकातला धातू थंड पाण्यात जन्मतो. चंचुपात्रात हिरवी किंवा निळी भुकटी असते, त्यावर सोन्याच्या क्षाराचं पिवळं द्रावण ओततात, ढवळतात. अर्ध्या तासात वरचं पिवळेपण फिकं होत जातं. भट्टी नाही, ज्योत नाही. सोनं पाण्यातून निघून भुकटीच्या अंगावर बसलेलं असतं, पाच-दहा-वीस नॅनोमीटरच्या दाण्यांनी. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. पाच नॅनोमीटरच्या सोन्याच्या दाण्यात चार हजारांच्या आसपास अणू मावतात आणि त्यातला मोठा वाटा पृष्ठभागावरच असतो. म्हणून असा दाणा इतका चपळ: ज्याला-त्याला चिकटतो, क्रियांना हात देतो, आणि रंगसुद्धा सोनेरी न राहता लाल दाखवतो. मायकेल फॅरडे यांनी १८५७ मध्ये हा लाल रंग सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचा आहे, असं मांडलं होतं. आपल्या चंचुपात्रात मात्र हा लाल सहसा दिसत नाही, पॉलिमरचा गडद रंग त्याला गिळतो. पोरं हिरमुसतात. सोनं कुठाय, म्हणून विचारतात.

भट्टीचं उदाहरण इथे उपयोगाचं नाही. उपयोगाचा आहे तो गावाचा दुसरा धंदा. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात महिको सुरू केली, १९९८ मध्ये त्यांना वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं आणि जालना बियाण्यांचं गाव म्हणून देशभर ओळखलं गेलं. नॅनोकणांचं काम हे बियाण्याचंच काम आहे. द्रावणातले अणू एकेकटे भटकत असतात. त्यांतले काही एकत्र येऊन पहिला इवला गोळा धरतो, त्यालाही रसायनशास्त्र बीजच म्हणतं. सगळी बीजं एकदम फुटली तर कण बारीक आणि एकसारखे येतात. रेंगाळत, मागे-पुढे फुटली तर पहिली फुटलेली पुढच्यांचा चारा खातात आणि काही कण दांडगे, काही खुरटे होतात. पावसाच्या पहिल्या सरीनंतर अर्धं शेत उगवावं आणि अर्धं पंधरा दिवसांनी, तसंच. पॉलिमर इथे काय करतं? त्याच्या साखळीत ठरावीक अंतरावर नायट्रोजनचे अणू असतात आणि धातूचे आयन तिथेच अडकतात. कपाशी आपण फेकून पेरत नाही, सरकी हात-हात अंतरावर टोबतो. पॉलिॲनिलिन सोनं टोबतं, असं लेखिकेनं तिसऱ्या प्रकरणात म्हटलंय. हे वाक्य वाचून मी पेन्सिल खाली ठेवली.

पण बी टोबणं हे अर्धंच काम. सोन्याच्या आयनाला धातू व्हायचं तर तीन इलेक्ट्रॉन लागतात, चांदीच्या आयनाला एक. ते देणार कोण? नेहमीच्या पद्धतीत त्यासाठी वेगळं रसायन घालतात, सोडियम बोरोहायड्राइड किंवा सायट्रेट, आणि कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून आणखी एखादं. इथे दोन्ही कामं एकटं पॉलिमर करतं. इलेक्ट्रॉनही तेच देतं, कणांना धरूनही तेच ठेवतं. 'जालना, सोने का पालना' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. या प्रयोगातल्या पॉलिमरला याहून नेमका शब्द मला सापडत नाही. फरक इतकाच, की हा पाळणा आपलंच लाकूड तासून बाळ घडवतो.

मला या प्रस्तावनेत मुख्य सांगायचंय ते हेच. या विषयावरचे शोधनिबंध उघडा. पहिल्या पानापासून कणांचं कौतुक: किती बारीक, किती गोल, किती एकसारखे. सूक्ष्मदर्शकातून घेतलेलं छायाचित्र असतंच. कण घडवताना पॉलिमरचं काय झालं, हे मात्र पुष्कळदा एका ओळीत गुंडाळलेलं असतं. मोंढ्यातल्या कुठल्याही मुनिमाला विचारा, जमेची बाजू दाखवून नावेची बाजू झाकली तर तो वही मिटून ठेवील.

हिशोब तसा सोपा आहे. पॉलिॲनिलिन करताना ॲनिलिनच्या प्रत्येक रेणूकडून सरासरी अडीच इलेक्ट्रॉन काढून घ्यावे लागतात. अमोनियम परसल्फेटचा एक रेणू दोन घेतो. म्हणून चार ॲनिलिनला पाच परसल्फेट. प्रागच्या यारोस्लाव्ह स्टेयस्कल यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेली प्रमाणित कृती याच हिशोबावर उभी आहे: २.५९ ग्रॅम ॲनिलिन हायड्रोक्लोराइड ५० मिलिलिटर पाण्यात, ५.७१ ग्रॅम परसल्फेट दुसऱ्या ५० मिलिलिटरमध्ये, दोन्ही एकत्र. पुढची काही मिनिटं काहीच होत नाही आणि नवखा विद्यार्थी घाबरून आणखी परसल्फेट घालायला जातो. त्याचा हात धरावा. मग निळी छटा येते, भराभर गडद होते, पात्र हाताला गरम लागतं आणि शेवटी सगळं हिरवं होऊन खाली बसतं. वेगवेगळ्या देशांतल्या पाच संस्थांमधल्या आठ जणांनी हीच कृती करून पाहिली. ५९ नमुन्यांची सरासरी वाहकता आली सेंटिमीटरला ४.४ सीमेन्स, पण कमी-जास्त १.७. कृती तीच, तराजू तसेच, तरी एवढा फरक. जालन्याच्या एखाद्या विद्यार्थ्याचा आकडा पुस्तकाबरहुकूम आला नाही म्हणून त्यानं नमुना फेकू नये, यासाठी हा आकडा मी मुद्दाम इथे देतो.

या वाहक रूपात पॉलिमर अर्धं ऑक्सिडीकृत असतं. यात वाहकतेचं मर्म आहे. साखळीकडून आणखी इलेक्ट्रॉन काढले, चार कड्यांमागे दोन, की ती पूर्ण ऑक्सिडीकृत होते, आणि ते रूप वीज नीट वाहत नाही, पाण्यात आम्लासोबत टिकतही नाही. सोनं आणि चांदी नेमके हेच इलेक्ट्रॉन मागतात. कागदावर मांडून पाहिलं तर एमराल्डिनच्या एक ग्रॅम निळ्या रूपातून सुमारे ०.६ ग्रॅम चांदी किंवा ०.३६ ग्रॅम सोनं निघावं, आणि तेवढं निघालं तर पॉलिमर वाहक म्हणून उरलेलं नसतं. चांदी जास्त हवी तर पॉलिमर मरतं, पॉलिमर जगवायचं तर चांदी बेतानं घ्यावी लागते. चंचुपात्रापुढे बसणाऱ्यानं हा सौदा आधी ठरवायचा असतो. लेखिकेनं प्रत्येक प्रयोगात कणांआधी आणि कणांनंतर पॉलिमरची वाहकता मोजून शेजारी-शेजारी छापली आहे. तीन ठिकाणी दुसरा आकडा लाजिरवाणा आहे. तो तिनं लपवला नाही.

सगळेच धातू या पाळण्यात येत नाहीत, हेही सांगून टाकतो. क्षपण विभव, म्हणजे इलेक्ट्रॉन ओढण्याचा जोर, क्लोराइडमधल्या सोन्याचं १.०० व्होल्ट, चांदीचं ०.८०. ते इलेक्ट्रॉन ओढून घेतात. पॅलेडियमही जमतं. तांब्याचं ०.३४, तिथे एमराल्डिन हात आखडता घेतं. लोखंडाचं तर उणे ०.४४. ज्या धातूवर आमचं गाव जगतं त्याला या पाळण्यात जागा नाही.

पॉलिमरला खर्चात न पाडता सोनं बसवण्याचीही एक वाट आहे, आणि तिचं चांगलं उदाहरण आपल्या शेजारीच आहे. जालना जिल्ह्याचा बहुतेक भाग १ मे १९८१ पर्यंत औरंगाबाद जिल्ह्यातच होता, आणि आमची महाविद्यालयं आजही साठ किलोमीटरवरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाशी जोडलेली आहेत. तिथल्या भौतिकशास्त्र विभागाचे महेंद्र शिरसाट यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड इथल्या अशोक मुलचंदानी आणि इतरांसोबत २००९ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. दोन सूक्ष्म विद्युतअग्रांमध्ये पॉलिॲनिलिनच्या नॅनोतारांचं जाळं विणायचं आणि त्यावर सोन्याचे कण बसवायचे, दोन्ही विजेच्या साहाय्यानं. म्हणजे इलेक्ट्रॉनचं बिल पॉलिमरऐवजी बाहेरच्या उपकरणानं भरायचं. या जाळ्याला हायड्रोजन सल्फाइडचा वास लागतो, तोही अब्ज भागांत एका भागाच्या दहाव्या हिश्श्याइतका, खोलीच्या तापमानाला. सोन्याला गंधक प्रिय. ते कणांना येऊन चिकटलं की जाळ्याचा विद्युतरोध बदलतो.

हायड्रोजन सल्फाइड म्हणजे सडक्या अंड्याचा वास. गटारात, मैल्याच्या टाक्यांत साचतो. त्याची दगाबाजी अशी, की प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि वास गेला असं वाटतं. टाकीत उतरलेला माणूस तिथेच पडतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. अशा बातम्या आपण दरवर्षी वाचतो. टाकीत माणूस उतरूच नये, हा त्यावरचा खरा इलाज. पण तोवर नाकाहून शहाणं काहीतरी हाताशी असायला हवं, आणि ज्या पदार्थांपासून ते करता येईल ते इथल्या मुलामुलींना ओळखीचे असावेत, असं मला वाटतं.

सहाव्या प्रकरणातल्या स्मृती उपकरणांवर मी फार बोलत नाही. रिचर्ड केनर आणि यांग यांग यांच्या गटानं २००५ मध्ये तीस नॅनोमीटर जाडीच्या पॉलिॲनिलिन धाग्यांत नॅनोमीटरभर सोन्याचे कण वाढवून त्यावर माहिती साठवून दाखवली. कल्पना देखणी आहे. बाजारात मात्र तुमच्या-माझ्या फोनमध्ये आजही सिलिकॉनच आहे. लेखिकेचा उत्साह या प्रकरणात जरा जास्त झालाय, असं तिला कळवलं. तिनं दोन विशेषणं काढली, तीन ठेवली.

तिच्या पिढीचं एक बरं आहे. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचं मराठवाडा केंद्र २०१८ पासून जालन्यातच आहे. माझ्या नोकरीत सूक्ष्मदर्शकाखाली एक नमुना दाखवायचा तर कागदाच्या पुडीत बांधून तो एसटीनं परगावी पाठवावा लागे. तीन महिन्यांनी छायाचित्र येई, आणि त्यावर पट्टीच नसे. कण दिसत, पण किती मोठे ते कळायला मार्ग नसे. पैसे मात्र पट्टीसकट घेतलेले असत.

प्रयोग करणाऱ्यांसाठी शेवटी थोडं. ॲनिलिन कातडीतूनही अंगात शिरतं आणि रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घालवतं, ओठ निळे पडतात. हातमोजे आणि धूरपेटी यांत सवलत नाही. बाटलीतलं ॲनिलिन तपकिरी झालं असेल तर ऊर्ध्वपातन करून घ्या. क्लोरोऑरिक आम्लाच्या एक ग्रॅममध्ये अर्धा ग्रॅम सोनं असतं, त्यामुळे पहिले सगळे प्रयोग चांदीवर करा. आणि चांदीवर करताना मी केलेली चूक करू नका. पॉलिॲनिलिन म्हटलं की हात आपोआप हायड्रोक्लोरिक आम्लाकडे जातो. माझाही गेला. सिल्व्हर नायट्रेट ओतताच पात्रात दह्याच्या कवड्या उतरल्या: सिल्व्हर क्लोराइड. वर्षभराच्या खरेदीतलं सिल्व्हर नायट्रेट पाच सेकंदांत गेलं. चांदीसोबत नायट्रिक आम्ल वापरा. तरीही तयार पॉलिमरऐवजी थेट ॲनिलिन घेतलं, तर त्याची सिल्व्हर नायट्रेटशी क्रिया आठवडेच्या आठवडे रेंगाळते. चिमूटभर पॅरा-फेनिलिनडायअमाइन घातलं तर ती काही तासांवर येते, ही युक्ती चौथ्या प्रकरणात आहे.

पाणी ऊर्ध्वपातितच हवं. २०१३ च्या उन्हाळ्यात गावाला टँकर पुरत नव्हते, तिथे प्रयोगशाळेच्या कंडेन्सरला वाहतं पाणी कोण देणार? आमच्या शिपायानं कूलरचा छोटा पंप बादलीत सोडला आणि तेच पाणी फिरवत ठेवलं. दर अर्ध्या तासानं बादलीत बर्फाची लादी. तरी एके दिवशी पाणी कमी पडलं, आणि एका मुलानं गुपचूप बोअरचं घातलं. द्रावण दुधाळ झालं. सगळे गप्प. मी काही बोललो नाही, ते दुधाळ पाणी तपकिरी बाटलीत ओतून झाकण लावलं. बाटलीवर खडूनं लिहिलं, 'चांदी आहे, फेकू नये.' ती बाटली बरीच वर्षं त्या फडताळात होती.